परीक्षणातले यंत्र आणि बिलावरचे यंत्र : शिवाजी उद्यमनगरातील एका लॅपटॉप खरेदीचे प्रकरण

शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रींना, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यांना, पॅटर्न (साचा पाडण्यासाठीचा नमुना), कोअर बॉक्स (कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याचा साचा) आणि मशिनिंगची फिक्स्चर (काम घट्ट धरून ठेवणारी साधने) करून देणाऱ्या, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्याने आपल्या डिझाइन विभागासाठी तीन लॅपटॉप विकत घेतले. प्रत्येकाची किंमत नव्वद हजारांच्या वर होती. खरेदीपूर्वी चार तज्ज्ञ परीक्षणे बारकाईने पाहिली गेली होती आणि चारही परीक्षकांनी या मालिकेचे मोकळ्या मनाने कौतुक केले होते. मार्च संपता संपता काम रेंगाळू लागले, एप्रिलमध्ये तक्रार मालकांपर्यंत पोहोचली, आणि मालकांनी एका वाक्यात निकाल दिला : “पैसे खाऊन बोलतात ही माणसं.”

हा निकाल या प्रकरणात टिकला नाही. चारपैकी एकाही परीक्षकाने खोटे सांगितल्याचे तपासात आढळले नाही, आणि तरीही त्यांच्या शब्दावर केलेली खरेदी फसली. हे कसे घडले, ते येथे मांडले आहे. कारखाना, दुकान आणि लॅपटॉपची कंपनी यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

काम काय होते

कारखान्यात दोन डिझायनर आणि एक कॅम प्रोग्रॅमर (संगणकावरून यंत्राला कापण्याच्या सूचना तयार करणारा) आहेत. ग्राहकाकडून आलेल्या कास्टिंगच्या ड्रॉइंगवरून त्रिमितीय मॉडेल उभे करायचे, त्यात श्रिंकेज (धातू थंड होताना आकसणे) आणि मशिनिंगचा अलाउन्स धरायचा, पार्टिंग लाइन (साचा जिथे दोन भागांत उघडतो ती रेषा) ठरवायची आणि पॅटर्न व कोअर बॉक्सचे भाग पाडायचे, हे डिझायनरांचे काम. त्या मॉडेलवरून व्हीएमसीसाठी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर कापणाऱ्या मिलिंग यंत्रासाठी, टूलपाथ (कापणारे हत्यार ज्या वाटेने फिरते ती वाट) काढायचा, हे प्रोग्रॅमरचे. ही दोन कामे संगणकाला अगदी वेगवेगळ्या तऱ्हेने राबवतात. मॉडेलमध्ये एखादे माप बदलले की सगळे मॉडेल नव्याने बांधले जाते, पण त्यातली बहुतेक आकडेमोड प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे त्याच्या एकाच गणन-भागावर, होते आणि काही सेकंदांत आटोपते. टूलपाथचे तसे नाही. पॅटर्नचे पृष्ठभाग वक्र असल्यामुळे फिनिशिंगचा टूलपाथ बारीक स्टेपओव्हरने (हत्याराच्या दोन फेऱ्यांमधल्या कमी अंतराने) काढावा लागतो, आणि मोठा पॅटर्न असेल तर सगळे कोअर अर्धा-पाऊण तास सलग पूर्ण ताकदीने चालतात.

लॅपटॉपच का घ्यायचे, याची दोन कारणे दिली गेली : ग्राहकाच्या फाउंड्रीत जाऊन मॉडेल दाखवावे लागते, आणि वीज गेली तरी हातातले काम जात नाही. पहिले कारण डिझायनरांपुरते खरे होते. प्रोग्रॅमर मात्र व्हीएमसी सोडून कधी कुठे जात नव्हता, तरी त्यालाही लॅपटॉप का, हे कोणी विचारले नाही. परीक्षणेही हा प्रश्न विचारत नाहीत, कारण लॅपटॉपचे परीक्षण करणारा माणूस वाचकाला लॅपटॉप घ्यायचाच आहे असे धरून चालतो.

निवड कशी झाली

निवडीची जबाबदारी दोघांपैकी तरुण डिझायनरकडे होती, आणि त्याने ती हलगर्जीपणे पार पाडली असे म्हणता येणार नाही. त्याने दोन इंग्रजी आणि एक हिंदी व्हिडिओ परीक्षण पूर्ण पाहिले, एक लेखी परीक्षण वाचले, आणि चौघांचे एकमत झाल्यावरच मालकांपुढे नाव ठेवले. चौघांनी त्याच मालिकेला उचलून धरले, ही बाब मालकांनाही पटली.

या एकमताचे वजन मात्र दिसत होते त्याहून बरेच कमी होते. चारही परीक्षणे एकाच आठवड्यात आलेली होती. नवे यंत्र बाजारात येताना कंपन्या परीक्षकांना आधी नमुने पाठवतात आणि अमुक तारखेपूर्वी काही प्रसिद्ध करायचे नाही अशी अट घालतात, म्हणून सगळी परीक्षणे एकदमच बाहेर पडतात. कोणता नमुना पाठवायचा हे कंपनी ठरवते, आणि स्वाभाविकपणे ती मालिकेतील वरचा प्रकार पाठवते. या चौघांकडेही तोच प्रकार होता : रॅमच्या दोन पट्ट्या, एकूण ३२ जीबी, सर्वांत चांगला पडदा, सर्वांत जास्त वीज घेऊ शकणारी ग्राफिक्स चिप. साक्षीदार चार होते, पण चौघांनी पाहिलेली वस्तू एकच होती. कारखान्याने घेतला तो त्याच मालिकेतला खालचा प्रकार, कारण वरचा अंदाजपत्रकात बसत नव्हता. व्हिडिओत मालिकेची सुरुवातीची किंमत सांगितली जात होती आणि गती दाखवली जात होती ती शेवटच्या किमतीच्या यंत्राची. यात एकही विधान खोटे नाही. दोन खरी विधाने शेजारी ठेवल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात तिसरे, खोटे विधान आपोआप तयार होते, एवढेच.

दुकानदाराकडे विचारणा केली तेव्हा त्याचे उत्तर असे होते : “मालक, मॉडेल तेच आहे. नाव वाचा की.” नाव खरोखरच तेच होते. फरक होता तो मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या काही अक्षरांत, जी बिलावर होती आणि पेटीवरच्या बारकोडखाली होती, पण व्हिडिओत कोणी उच्चारली नव्हती.

तपास

पहिला फरक सापडला तो ग्राफिक्स चिपमध्ये, आणि त्याने सगळे भडकले. परीक्षणातील यंत्रात त्या चिपला ११५ वॅटपर्यंत वीज मिळत होती, कारखान्याच्या यंत्रात त्याच नावाच्या चिपला ७५ वॅटची मर्यादा होती. लॅपटॉपच्या बाजारात ही गोष्ट नवी नाही. एनव्हिडियाने जानेवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिका लॅपटॉपमध्ये आणली, तेव्हा कमी विजेवर चालणाऱ्या चिपेला लागणारे ‘मॅक्स-क्यू’ हे वेगळे नाव गेले, आणि एकाच नावाखाली विजेच्या दृष्टीने बरीच वेगवेगळी यंत्रे विकली जाऊ लागली. पुढच्या पिढीतील लॅपटॉपसाठीच्या आरटीएक्स ४०६० या चिपेची जाहीर मर्यादाच ३५ ते ११५ वॅट अशी आहे. वॅट किती, हे लॅपटॉप कंपनी तपशिलाच्या पानावर देते, पण दुकानातल्या पाटीवर ते नसते.

राग योग्य असला तरी कारण चुकीचे होते. टूलपाथची आकडेमोड त्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स चिपवर होतच नव्हती, ती प्रोसेसरवर होत होती. ४० वॅटचा फरक गेम खेळणाऱ्याला जाणवला असता, उद्यमनगरातल्या या विभागाला जवळजवळ नाही. सापडलेला पहिला फरक हाच दोषी असे मानण्याचा मोह येथे झाला असता, तर दुकानदाराशी भांडण करून वरचा प्रकार पदरात पाडून घेतला असता आणि काम पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा रेंगाळले असते.

खरे कारण शोधायला कारखान्यातच एक सोय होती. तयार फिक्स्चरची मापे तपासायची सीएमएम (मापन यंत्र) मशीनची खोली वातानुकूलित आहे आणि तिचे तापमान २० अंश सेल्सिअस ठेवले जाते, कारण लांबीच्या मापनासाठी जगभर तेच संदर्भ तापमान मानले जाते. डिझाइन विभाग मात्र शॉपच्या पोटमाळ्यावर, पत्र्याखाली आहे, आणि एप्रिलच्या दुपारी तेथे ३६-३७ अंश होते. प्रोग्रॅमरने एकच फाइल, एकच लॅपटॉप, एकच सेटिंग घेऊन एकदा पोटमाळ्यावर आणि एकदा सीएमएमच्या खोलीत टूलपाथ काढला. वर ४९ मिनिटे लागली, खाली ४१. यंत्रात काहीही बदललेले नव्हते, बदलली होती ती फक्त हवा.

याचे स्पष्टीकरण अवघड नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर काम सुरू होताच थोडा वेळ भरपूर वीज घेतो आणि जोरात धावतो, मग ठरलेल्या मर्यादेवर उतरतो, आणि आतले तापमान वाढले की त्याहूनही खाली येतो. बाहेरची हवा जितकी गरम, तितकी पंख्याची उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी. पाच मिनिटांत संपणाऱ्या चाचणीत ही घसरण पुरती दिसत नाही. सिनेबेंच या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या चाचणीने २०२० मध्ये आलेल्या आर२३ या आवृत्तीपासून चाचणी दहा मिनिटे चालवण्याची पद्धत नेहमीचीच केली, ती याच कारणासाठी. तरीही दहा मिनिटे वातानुकूलित खोलीत, आणि पाऊण तास पत्र्याखाली, यांत अंतर राहतेच. त्यात खालच्या प्रकारात उष्णता वाहून नेणारी एक तांब्याची नळी कमी होती आणि पंख्याच्या जाळीत काही महिन्यांतच कास्ट आयर्नच्या मशिनिंगची काळी भुकटी बसलेली होती.

दुसरे कारण रॅमचे होते. कारखान्याच्या यंत्रात १६ जीबीची एकच पट्टी होती, त्यामुळे मेमरीकडे जाणारा दुपदरी मार्ग एकपदरी झाला होता. शिवाय कॅड (मॉडेलचे) आणि कॅम (टूलपाथचे) ही दोन्ही सॉफ्टवेअर उघडी असली की मेमरी भरून उरलेला भार एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवणाऱ्या त्याहून मंद डिस्कवर, सांडत होता. दुसरी पट्टी बसवली, पंखे साफ केले, लॅपटॉप टेबलापासून दोन बोटे उचलून ठेवला, तेव्हा तेच काम पोटमाळ्यावर ३८ मिनिटांत झाले. म्हणजे उशिराचा मोठा भाग काही हजार रुपयांत गेला.

या तपासातली सर्वांत बोचरी गोष्ट शेवटी समोर आली. चारपैकी लेखी परीक्षणात प्रोसेसर पहिल्या मिनिटानंतर किती घसरतो याचा आलेख होता. खालच्या प्रकारात एकच पट्टी येते आणि ती दुपदरी करून घ्यावी, ही सूचनाही त्यात होती. दोन्ही गोष्टी शेवटच्या निर्वाळ्याच्या बऱ्याच आधी, मधल्या पानांवर होत्या. वाचले गेले होते ते पहिले पान, गुण, आणि शेवटचा परिच्छेद. तज्ज्ञाने जे मोजले ते कारखान्याच्या उपयोगाचे होते; त्याने जो निर्वाळा दिला तो नव्हता, कारण निर्वाळा देताना त्याच्या डोळ्यांसमोर गेम खेळणारा आणि व्हिडिओ जोडणारा गिऱ्हाईक होता.

टेस्ट बार

तपासाचे कागद पाहून मालक जे बोलले ते या प्रकरणाचे मर्म आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने देतो. ते म्हणाले, “म्हणजे या लोकांनी टेस्ट बार ओढून बघितला आणि आम्ही कास्टिंग घेतलं.”

फाउंड्रीबाहेरच्या वाचकासाठी याचा अर्थ असा. ग्रे आयर्नच्या (ओतीव लोखंडाच्या एका प्रकाराच्या) भारतीय मानकात, म्हणजे आयएस २१० मध्ये, एफजी २६० अशी प्रत असते, आणि त्यातला २६० हा आकडा दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण सोसला पाहिजे ते सांगतो. हा ताण तपासतात तो प्रत्यक्ष कास्टिंगवर नव्हे, त्याच धातूतून वेगळ्या ओतलेल्या टेस्ट बारवर. बार पास झाला म्हणजे धातू बरोबर आहे, इतकेच ठरते. कास्टिंगची भिंत जाड असेल तर तेथे धातू सावकाश थंड होतो आणि ताकद बारपेक्षा कमी भरते. पातळ असेल तर कडकपणा वाढतो. शिवाय ते प्रमाणपत्र त्या एका हीटपुरते, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूपुरते, असते. दुसऱ्या हीटच्या मालाबरोबर पहिल्या हीटचे सर्टिफिकेट आले, तर उद्यमनगरातला कोणताही इन्स्पेक्टर ते परत पाठवील.

संगणकाच्या परीक्षणाला ही उपमा जवळजवळ शब्दशः लागू पडते. चिप तीच असली तरी तिला गुंडाळणारे यंत्र वेगळे असले की गती वेगळी, हे लॅपटॉपचे झाले. हीट बदलण्याचा प्रकारही या बाजारात नोंदलेला आहे. क्रुशियलच्या पी२ या एसएसडीची परीक्षणे झाली तेव्हा तिच्यात टीएलसी प्रकारची मेमरी होती. २०२१ मध्ये असे उघड झाले की त्याच नावाने, त्याच वेष्टनात आता त्याहून मंद अशी क्यूएलसी मेमरी विकली जात आहे. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० मध्येही मेमरी बदलल्याचे आढळले, आणि मोठी फाइल लिहिताना कॅशे (वेगवान तात्पुरती जागा) भरल्यानंतरची गती लक्षणीय घटली होती. यापुढे असा बदल केल्यास नवा मॉडेल क्रमांक देऊ, असे त्या कंपनीला तेव्हा जाहीर करावे लागले. जुनी परीक्षणे दोन्ही बाबतींत बरोबरच होती, फक्त ती ज्या मालाची होती तो माल बाजारातून संपला होता.

मालकांची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, आणि तेही नोंदवायला हवे. फाउंड्रीत टेस्ट बार कोणत्या लॅडलमधून (वितळलेला धातू वाहून नेणाऱ्या भांड्यातून) ओतायचा, यावर गिऱ्हाइकाचा माणूस उभा राहू शकतो. परीक्षकाकडे जाणारा नमुना मात्र विकणाराच निवडतो.

परीक्षकाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न

मालकांचा संशय या चौघांबाबत खरा ठरला नाही, म्हणून तो सर्वत्र निराधार आहे असे होत नाही. परीक्षणांच्या पृष्ठावर दिलेल्या खरेदीच्या दुव्यातून परीक्षकाला दलाली मिळते, आणि दलाली वस्तू विकली गेली तरच मिळते. ‘हे घेऊ नका’ या परीक्षणाला वाचक मिळतो, कमाई मिळत नाही. नमुने फुकट येतात, आणि पुढचा नमुना येत राहणे हे परीक्षकाच्या धंद्याचे भांडवल असते. डिसेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने ‘हार्डवेअर अनबॉक्स्ड’ या ऑस्ट्रेलियातील परीक्षकांना कळवले की तुमच्या परीक्षणांत रे ट्रेसिंगला (गेममध्ये प्रकाश खऱ्यासारखा दाखवण्याच्या तंत्राला) पुरेसे महत्त्व दिले जात नाही, म्हणून आमची ग्राफिक्स कार्डे तुम्हाला यापुढे पाठवली जाणार नाहीत. त्यांनी ते पत्र उघड केले, अन्य परीक्षक त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि कंपनीने माघार घेतली. ही घटना दोन्ही बाजूंनी बोलकी आहे : दबाव असतो हे तिच्यातून दिसते, आणि मोठ्या परीक्षकाला तो झुगारता येतो हेही दिसते. लहान परीक्षकाला असे पत्र लिहावेच लागत नाही. पुढच्या वेळी नमुना नुसता येत नाही, आणि त्याला काय समजायचे ते समजते.

तरीही लाचलुचपत हा माझ्या मते या व्यवसायातला मोठा दोष नाही. मोठा दोष असा की प्रामाणिक, निष्णात माणसालाही काही गोष्टी दिसू शकत नाहीत. एनव्हिडियाचे जीटीएक्स ९७० हे कार्ड सप्टेंबर २०१४ मध्ये आले. जगातल्या उत्तमोत्तम परीक्षकांनी ते तपासले, वाखाणले, आणि कंपनीने दिलेला तपशिलाचा तक्ता जसाच्या तसा छापला. त्या कार्डातील ४ जीबी मेमरीपैकी शेवटचा अर्धा जीबी उरलेल्या साडेतीन जीबीपेक्षा फार मंद आहे, आणि तक्त्यातील दोन आकडे चुकीचे आहेत, हे जानेवारी २०१५ मध्ये बाहेर आले, तेही वापरणाऱ्यांना विचित्र अनुभव आल्यामुळे. मोजले होते ते आकडे बरोबर होते; कंपनीकडून उतरवून घेतलेले आकडे चुकले.

टिकाऊपणाचे तर परीक्षण होतच नाही, कारण परीक्षकाकडे यंत्र आठवडा-पंधरवडा असते. ॲपलच्या २०१५ च्या मॅकबुकमध्ये आलेल्या ‘बटरफ्लाय’ कीबोर्डची उथळ चाल परीक्षकांनी लगेच टिपली, पण धुळीचा एखादा कण आत गेला की कळ अडकते किंवा अक्षर दोनदा उमटते, हा त्याचा खरा रोग वापरातून हळूहळू समजला. कंपनीने मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली ती जून २०१८ मध्ये. फाउंड्रीच्या भुकटीत काम करणाऱ्याला कळीची चाल किती दशांश मिलिमीटर आहे यापेक्षा ती भुकटीत टिकेल का, हे हवे असते. या प्रश्नाला उत्तर देण्याची दुसरी पद्धत अस्तित्वात आहे, पण ती एका परीक्षकाच्या आवाक्यातली नाही. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही १९३६ पासूनची संस्था नमुने न स्वीकारता वस्तू दुकानातून विकत घेऊन तपासते, आणि शिवाय सभासदांकडून बिघाडांची माहिती गोळा करते. तिच्याच प्रयोगशाळेत चांगले गुण मिळवलेल्या मायक्रोसॉफ्ट सरफेस यंत्रांची शिफारस तिने ऑगस्ट २०१७ मध्ये मागे घेतली, कारण सभासदांच्या अनुभवावरून दर चार यंत्रांतील एकात दोन वर्षांत बिघाड होईल असा अंदाज निघत होता. एकाच संस्थेच्या दोन पद्धतींनी दोन उत्तरे दिली, आणि संस्थेने प्रयोगशाळेपेक्षा वापराला अधिक मान दिला.

मोजून, सविस्तर लिहिणाऱ्यांची संख्या मात्र घटते आहे. १९९७ पासून चालू असलेले ‘आनंदटेक’ ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाले. बारा मिनिटांच्या व्हिडिओत आलेख येतात, पण ते चार सेकंद टिकतात.

कायद्याचा आधार

मालकांनी ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार केला होता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड करणे बंधनकारक आहे. फुकट मिळालेली वस्तूही त्यात मोडते. येथे दोन अडचणी होत्या. एक तर चारही परीक्षकांनी नमुना कंपनीकडून आल्याचे सांगितले होते. दुसरी अधिक मूलभूत : व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरत नाही, अपवाद फक्त स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याचा. पगारी माणसे ठेवणाऱ्या आणि जीएसटीचा इनपुट क्रेडिट घेतलेल्या कारखान्याला तो अपवाद लागू करून घेणे कठीण. वकिलांचा सल्ला एका भेटीत आटोपला.

दुसरी खरेदी

पुढच्या आर्थिक वर्षात आणखी यंत्रे घ्यायची वेळ आली, तेव्हा मालकांनी एकच अट घातली : कच्च्या मालाला जे इनवर्ड इन्स्पेक्शन (माल आत घेतानाची तपासणी) लागते, ते यालाही लागेल.

सर्वप्रथम प्रोग्रॅमरसाठी लॅपटॉपचा विचार सोडून सुटे भाग जोडून केलेला डेस्कटॉप आणि यूपीएस घ्यायचे ठरले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हाच सर्वांत फायद्याचा निर्णय होता, आणि तो कोणत्याही परीक्षणातून आलेला नाही. त्याचा एक आनुषंगिक लाभ असा की सुट्या प्रोसेसरचे परीक्षण दुकानात मिळणाऱ्या वस्तूला बरेच नेमके लागू पडते, कारण तेथे वॅट, नळ्या आणि पट्ट्या यांचे गुपचूप फरक कमी असतात. एसएसडीबाबत मात्र, वर सांगितलेल्या कारणाने, परीक्षणाची तारीख पाहिली गेली.

डिझायनरांच्या लॅपटॉपसाठी परीक्षणे पुन्हा पाहिली गेली, पण उलट्या क्रमाने. आधी परीक्षकाकडे असलेला पूर्ण मॉडेल क्रमांक आणि दुकानदाराच्या कोटेशनवरील क्रमांक जुळतो का ते पाहिले; जुळला नाही तर त्या परीक्षणातून फक्त पडदा, कीबोर्ड आणि आवाज यांविषयीचा भाग घेतला, तोही पडदा तोच असल्याची खात्री झाल्यावर. नमुना कोणी दिला होता, खोलीचे तापमान लिहिले आहे का, भार किती वेळ ठेवला, हे टिपले गेले. एकाच कोअरच्या गतीचे आकडे वेगळे काढले, कारण मॉडेलिंगला तेच लागतात. शेवटचा निर्वाळा वाचायचा नाही असे काही ठरले नव्हते, पण यादी तयार होईपर्यंत त्याची गरज पडली नाही. निवडलेल्या लॅपटॉपला एका नामवंत परीक्षकाने ‘कंटाळवाणा’ म्हटले होते. जाड आहे, दिसायला साधा आहे, गेममध्ये मागे पडतो, या त्याच्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि पोटमाळ्यावर त्यांतली एकही आड येत नाही.

अडले ते दुकानात. मालकांना पैसे देण्यापूर्वी यंत्रावर आपली फाइल चालवून पाहायची होती, आणि दुकानदाराचे म्हणणे असे की सील फोडले की पेटी नवी राहत नाही. “भाजी आहे का साहेब, चाखून घ्यायला?” असे तो म्हणाला. हे म्हणणे त्याच्या बाजूने रास्त होते, कारण कंपनी फोडलेली पेटी त्याच्याकडून परत घेत नाही. तोडगा असा निघाला की आधी एकच यंत्र घ्यायचे, ते सात दिवस कारखान्यात चालवायचे, आणि पटले तर उरलेल्यांची ऑर्डर त्याच मॉडेल क्रमांकाने, तो क्रमांक पर्चेस ऑर्डरवर पूर्ण लिहून द्यायची. पटले नाही तर ते एक यंत्र हिशेबाच्या कामाला जाईल, म्हणजे कोणाचेच फार नुकसान नाही. पहिल्या यंत्रावर तीनशेहून अधिक भागांची एक जुनी फिक्स्चर असेम्ब्ली आणि एका पंप बॉडीच्या पॅटर्नचे मॉडेल, असे दोन नमुने दुपारच्या वेळी, पत्र्याखाली चालवले गेले. ते पटले. पुढच्या पेट्या आल्या तेव्हा एका पेटीवरच्या क्रमांकाची शेवटची दोन अक्षरे वेगळी निघाली आणि ती न उघडता परत गेली. दुकानदाराने वाद घातला नाही, कारण ऑर्डरवर त्याचीच सही होती.

या यंत्रांच्या टिकाऊपणाविषयी कारखान्याकडे अद्याप सांगण्यासारखे काही नाही. स्टोअरमध्ये प्रत्येक लॅपटॉपचे एक कार्ड उघडले आहे, व्हीएमसीच्या मेंटेनन्स कार्डासारखेच, आणि त्यावर पंखे साफ केल्याची तारीख, बिघाड आणि दुरुस्तीला लागलेले दिवस लिहिले जातात. जुन्या तीन लॅपटॉपपैकी एक आता मालकांच्या टेबलावर आहे, आणि जीएसटीच्या विवरणपत्रांसाठी तो उत्तम चालतो.